प्लेटिंगला माल पाठवण्याआधी: कोटिंगने धातूच्या ताकदीचं काय होतं आणि ते कसं सांभाळायचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून प्लेटिंगला (धातूचा थर चढवायला) निघालेल्या मालाच्या चलनावर बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: नग किती आणि रंग कोणता. ‘झिंक, यलो, ४०० नग.’ धातू कोणता, त्याला पाणी दिलंय का (तापवून झटकन थंड करून कडक केलंय का), हार्डनेस म्हणजे कडकपणा किती, यातलं काहीच नाही. टाकीवाल्याने, म्हणजे प्लेटिंग करणाऱ्याने, तरी काय करायचं? तो ॲसिडमध्ये बुडवतो, झिंक चढवतो, चकचकीत माल परत देतो. सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यातल्या गंजाच्या चाचणीत, माल पास होतो. मग काही दिवसांनी ग्राहकाचा फोन येतो की बोल्टची डोकी उडाली, आणि सगळे मिळून बोल्ट बनवणाऱ्याला शिव्या घालतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कोटिंग हे टर्निंग, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंटसारखंच एक ऑपरेशन आहे. त्यात पार्ट बदलतो. म्हणून ते ‘शेवटी रंगवून टाकू’ या खात्यात न ठेवता ड्रॉइंग करतानाच ठरवायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. बेळगाव, मच्छे, होनगा, काकती या पट्ट्यात जी कामं जास्त चालतात, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, बोल्टिंग, ब्रॅकेट, ॲल्युमिनियमचे मशिन केलेले पार्ट, त्यांच्यावर जास्त भर दिलाय.

पायरी १: खालच्या धातूचे तीन आकडे काढा

पहिला आकडा टेन्साइलचा (तुटेपर्यंत किती ओढ सोसतो, एमपीएमध्ये), दुसरा हार्डनेसचा (रॉकवेल सी, म्हणजे एचआरसीमध्ये). हे दोन सर्टिफिकेटवर सापडतात. बोल्टच्या बाबतीत तर डोक्यावरच लिहिलेलं असतं. ८.८ म्हणजे निदान ८०० एमपीए आणि साधारण २२ ते ३२ एचआरसी. १०.९ म्हणजे १०४० एमपीए, ३२ ते ३९ एचआरसी. १२.९ म्हणजे १२२० एमपीए, ३९ ते ४४ एचआरसी. दुकानात मिळणारा काळा एलन बोल्ट सहसा १२.९ असतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

तिसरा आकडा कुणी विचारत नाही: टेंपरिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवणं) किंवा एजिंग (ॲल्युमिनियम ठरावीक तापमानाला ठेवून मजबूत करणं) किती तापमानाला झालंय? कोटिंगच्या कुठल्याही टप्प्यात पार्ट त्याहून जास्त तापला, तर आधी पैसे मोजून मिळवलेली ताकद तिथेच उतरते. कार्ब्युराइझ केलेली (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेली) पिन १५० ते २०० अंश सेल्सिअसला टेंपर केलेली असते. पावडर कोटिंगचा ओव्हन १८० ते २०० अंशांवर चालतो. ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचं एजिंग १२० अंशांच्या आसपास होतं; त्याला तोच ओव्हन दाखवला की मजबुती घसरते. ६०६१-टी६ चं एजिंग १६०-१७५ अंशांना तासन्‌तास चालतं, त्यामुळे २०० अंशांवरच्या वीस मिनिटांनी त्याचं फारसं बिघडत नाही. दोन्ही पार्ट हातात घेतले तर सारखेच दिसतात. फरक कागदावर आहे, म्हणून कागद मागा.

पायरी २: कोणता ताण सोसायचाय ते ठरवा

‘कोटिंगने ताकद कमी होते का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पार्टवर कसला ताण येतो, त्यावर सगळं ठरतं.

नुसता ओढून तोडायचा असेल तर फरक जवळजवळ दिसत नाही. १२.५ मिलिमीटर व्यासाच्या टेस्ट पीसवर २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चढवला, तर त्या थराचं क्षेत्रफळ मूळच्या ०.८ टक्के भरतं. एवढा फरक मशिनच्या रीडिंगमध्येच हरवून जातो. पातळ पत्र्याचा हिशोब वेगळा. झेड२७५ गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. पत्रा जस्तासकट ०.५ मिलिमीटर असेल, तर त्यातला जवळपास ८ टक्के भाग जस्ताचा. मायक्रोमीटरने मोजलेल्या पूर्ण जाडीवर ताकद काढली तर ती तेवढी कमी दिसते आणि पत्रा उगाच बदनाम होतो. हिशोब खालच्या पोलादाच्या जाडीवर करायचा.

खरा प्रश्न फटिगचा. एकच ताण लाखो वेळा येत-जात राहिला की पार्ट टेन्साइलच्या कितीतरी खालच्या ताणाला तुटतो, आणि बहुतेक वेळा भेग पृष्ठभागावरच सुरू होते. कोटिंगही तिथेच बसतं. थर कडक आणि ठिसूळ असेल, त्यात आधीच बारीक भेगा असतील किंवा तो आतून ताणलेला असेल, तर भेगेला सुरुवात आयती मिळते. थराची भेग चांगल्या चिकटलेल्या सीमेवरून सरळ पोलादात उतरते. थर जितका घट्ट बसलेला, तितकी ती उतरायला मोकळी. म्हणून ‘चिकट उत्तम आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका.

मात्र याचा अर्थ उघडा पार्ट बरा, असा घेऊ नका. खानापूर-जांबोटीचा पाऊस आणि चोर्ला उतरल्यावर गोव्याची खारी हवा, यात उघड्या पोलादावर गंजाचे खड्डे पडतात. ते खड्डे कुठल्याही कोटिंगच्या भेगेहून वाईट. खाऱ्या पाण्यात पोलादाला फटिगची सुरक्षित मर्यादाच उरत नाही. ताण कितीही कमी ठेवला तरी तो कधीतरी तुटतो. तिथे जस्ताचा थर आयुष्य वाढवतो. कोरड्या शेडमधल्या मशिनचा शाफ्ट आणि गोव्यात जेटीवर बसणारा शाफ्ट, दोन्हींसाठी एकच ड्रॉइंग नोट चालवू नये.

पायरी ३: हायड्रोजनची भानगड आधी मिटवा

या लेखातलं एकच प्रकरण नीट वाचणार असाल, तर हे वाचा.

गंज आणि काळी पपडी काढायला पार्ट म्युरिॲटिक ॲसिडमध्ये बुडवतात. ॲसिड पोलादाला खातं तेव्हा हायड्रोजन सुटतो. पुढे टाकीत करंट दिला की पार्टवर धातूबरोबर पुन्हा हायड्रोजन सुटतो. त्यातला बराच बुडबुडे होऊन वर जातो, काही मात्र अणूच्या रूपात पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचं काही वाटत नाही. कडक पोलादात तो ताण जिथे साठतो तिथे, म्हणजे डोक्याखालच्या फिलेटला (गोलाईला) किंवा नटमध्ये गुंतलेल्या पहिल्या आट्याला, जाऊन बसतो आणि धातूच्या कणांमधली पकड सैल करतो. बोल्ट घट्ट करताना काहीच होत नाही. काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी, कुणी हात न लावता, डोकं खळ्ळकन उडतं. तुटलेल्या जागी लांबण नसते, मान बारीक झालेली नसते. दहापट भिंगातून पाहिलं तर साखरेसारखे चमकणारे कण दिसतात.

साधारण १००० एमपीएच्या वर गेलात की काळजी सुरू करायची, आणि ३९ एचआरसीच्या वर तर ही जोखीम धरूनच चालायचं. म्हणजे ८.८ निश्चिंत, १०.९ वर लक्ष, १२.९ वर शक्यतो टाकीतलं झिंक नकोच. काळा एलन बोल्ट ‘मशिनवर बरा दिसत नाही’ म्हणून झिंकला पाठवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना एकच सांगणं: काळाच ठेवा आणि तेल लावा. गंजाचं फारच भय असेल तर झिंक फ्लेक कोटिंग घ्या. ते बुडवून किंवा फवारून लावतात आणि ओव्हनमध्ये पिकवतात. करंट नसल्यामुळे चढवताना हायड्रोजन शिरत नाही, आणि थर ५ ते १० मायक्रॉनच्या आसपास असल्यामुळे आटेही भरत नाहीत. पण ते चढवण्याआधीची सफाई ॲसिडने केली तर सगळं मुसळ केरात. शॉट ब्लास्टिंगनेच, म्हणजे बारीक दाणे वेगाने मारून, करायची.

तरीही कडक पार्टवर टाकीतलं प्लेटिंग करावंच लागलं, तर क्रम असा ठेवा. ग्राइंडिंग झालेला किंवा थंडा वाकवलेला पार्ट प्लेटिंगच्या आधीच भट्टीत ताणमुक्त करा. ॲसिडमध्ये शक्य तितका कमी वेळ ठेवा. काळा माल असेल तर आधी ब्लास्ट करा. प्लेटिंग संपल्यावर ४ तासांच्या आत बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढायला ओव्हनमध्ये तापवणं) सुरू झालं पाहिजे, १९० ते २२० अंशांवर. १००० एमपीएच्या जवळपासच्या पोलादाला निदान ८ तास. ताकद वाढेल तसा वेळ वाढतो, आणि फार कडक मालाला तो २२-२४ तासांपर्यंत जातो. चकचकीत झिंकचा थर हायड्रोजनला बाहेर पडू देत नाही, म्हणूनच इतका वेळ लागतो. पार्टचं टेंपरिंग यापेक्षा खालच्या तापमानाला झालं असेल, तर बेकिंगचं तापमान त्याच्या खाली आणा आणि वेळ वाढवा.

बेकिंग खरंच झालं का, हे ओळखायची एक जागा आहे. पिवळं पॅसिव्हेशन (झिंकवर चढवायचा गंजरोधक रासायनिक थर) बेकिंगच्या नंतर करायचं असतं. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या थराला ६०-७० अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही. तो फिका पडतो, त्यातलं पाणी उडून तडकतो आणि गंज रोखायची त्याची ताकद जाते. म्हणून क्रम प्लेटिंग, बेकिंग, हलकं ॲक्टिव्हेशन (पातळ ॲसिडमध्ये क्षणभर बुडवणं), मग पॅसिव्हेशन असा लागतो. सकाळी प्लेटिंगला गेलेला १०.९ चा माल त्याच संध्याकाळी झळझळीत पिवळा होऊन टेंपोत आला, तर ८ तासांचं बेकिंग कधी झालं, हे टाकीवाल्याला विचारा. ‘बेक केलंय की हो’ हे उत्तर पुरेसं नाही. ओव्हनचा चार्ट किंवा निदान वेळ आणि तापमान लिहिलेला कागद मागा. आणि एकदा आत भेग पडली की बेकिंगने ती जुळत नाही. उशिरा केलेलं बेकिंग म्हणजे कागद भरणं.

पायरी ४: रॉडवरचं हार्ड क्रोम

बेळगावात हायड्रॉलिकचं काम मोठं, आणि सिलिंडर म्हटला की क्रोमचा रॉड आलाच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या उलटवणाऱ्या यंत्रणेपासून प्रेसपर्यंत सगळीकडे तो दिसतो. थर साधारण २० ते २५ मायक्रॉनचा, हार्डनेस ८५० ते १०५० व्हिकर्स (पातळ थरांना चालणारं कडकपणाचं माप). झीज सोसायला त्याला तोड नाही. मात्र क्रोमचा थर बसतानाच आतून ताणला जातो आणि त्यात नजरेला न दिसणाऱ्या भेगांचं जाळं तयार होतं. शिवाय क्रोमच्या टाकीत दिलेल्या करंटपैकी जेमतेम १०-२० टक्के क्रोम चढवायला खर्ची पडतो. उरलेला मुख्यतः हायड्रोजन काढतो. फटिग आणि हायड्रोजन दोन्ही अंगांनी हा थर कडक पोलादाला जड जातो. फार कडक मिश्र पोलादात फटिगची मर्यादा एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त खाली येऊ शकते.

मग रोज एवढे रॉड चालतात कसे? कारण चांगल्या रॉडला क्रोमच्या आधी इंडक्शन हार्डनिंग (विजेने फक्त पृष्ठभाग तापवून कडक करणं) केलेलं असतं. त्या कडक कवचात दाबाचा ताण अडकलेला असतो आणि तो भेगेचं तोंड बंद धरतो. कवचाचा दुसरा फायदाही तितकाच मोठा आहे. नुसत्या मऊ ईएन-८ वर (मध्यम कार्बनच्या साध्या पोलादावर) क्रोम म्हणजे गादीवर काच. दगड उडून लागला की खालचं पोलाद दबतं आणि वरचा थर फुटतो. मग सील फाटतं, तेल गळतं आणि क्रोम निघालं म्हणून ओरड होते. चूक खालच्या धातूची असते. ५० ते ५५ एचआरसीचं कवच असेल तर हा प्रकार फारसा होत नाही. पैसे वाचवायचे असतील तर क्रोमचे ५ मायक्रॉन कमी करा, इंडक्शन वगळू नका.

कामाचा क्रम असा असावा. इंडक्शन, मग ग्राइंडिंग, आणि ग्राइंडिंग झाल्यावर जळल्याच्या खुणा तपासा. व्हील बोथट असेल किंवा कूलंट कमी पडलं असेल तर कवच जागोजाग भाजतं आणि दाबाच्या जागी ओढीचा ताण येतो. अल्कोहोलमध्ये पातळ केलेलं नायट्रिक ॲसिड, म्हणजे नायटल, लावलं की भाजलेले पट्टे काळपट दिसतात. पांढरा पट्टा दिसला तर तिथे पोलादाला पुन्हा पाणी दिल्यासारखं झालंय, आणि तो तर आणखी वाईट. असा रॉड क्रोमला पाठवू नये. क्रोमच्या आत गेलेला भाजलेला पट्टा नंतर कुणाला सापडत नाही.

वरचेवर उलटसुलट ताण सोसणाऱ्या महागड्या रॉडला क्रोमच्या आधी शॉट पीनिंग (बारीक गोळ्या मारून पृष्ठभागात दाबाचा ताण भरणं) करून घ्या. त्याने क्रोममुळे झालेली बरीच घट भरून निघते. आटे, अंडरकट (आट्यांच्या शेवटची खाच) आणि फिलेट मास्क करा, म्हणजे थर चढू नये म्हणून झाका. क्रोम कडांवर जास्त चढतो, तिथे दाणे धरतात, आणि ताणही नेमका तिथेच साठलेला असतो. रॉड तुटल्याच्या तक्रारीत आधी आट्यांच्या शेवटचा अंडरकट बघायची सवय लावा. पुष्कळदा क्रोमची कड तिथपर्यंत पोचलेली सापडते. क्रोमनंतरचं ग्राइंडिंग हलक्या हाताने व्हावं, नाहीतर थरावर कोंबड्याच्या जाळीसारखं भेगांचं जाळं उमटतं.

जुना रॉड पुन्हा क्रोम करताना आधीचा थर काढावा लागतो. तो ॲसिडमध्ये काढला तर हायड्रोजन पुन्हा आत. कडक रॉडसाठी कॉस्टिकमध्ये उलट करंट देऊन काढायला सांगा. त्यात पार्टवर हायड्रोजन सुटत नाही. हे टाकीवाल्याकडेच होऊ दे. क्रोमच्या टाकीतलं सहा-व्हॅलंट क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं, आणि ते पाणी नाल्यात सोडणं गुन्हा आहे.

गोव्याकडे जाणाऱ्या मालाला नुसत्या क्रोमवर भरवसा ठेवू नका. भेगांच्या जाळ्यातून खारं पाणी पोलादापर्यंत जातं आणि गंज फुगून थर उचलतो. खाली निकेलचा थर घ्या किंवा क्रोम सोडून नायट्रायडिंगचा (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवण्याचा) विचार करा. नायट्रायडिंग ५०० ते ५७० अंशांच्या आसपास होतं आणि दाबाचा ताण ठेवून जातं, म्हणून फटिग सुधारतं. बजेट असेल तर एचव्हीओएफने (ज्वाळेच्या अतिवेगवान झोताने) फवारलेलं टंगस्टन कार्बाइडही चांगलं. योग्य फवारलं तर त्याच्या थरात दाबाचा ताण राहतो. विमानाच्या लँडिंग गिअरवर क्रोमच्या जागी ते आलं, त्यात क्रोमियमच्या विषारीपणाइतकाच फटिगचाही भाग होता.

पायरी ५: बोल्ट आणि टॉर्क

इथे थर धातूला हात लावत नाही, तरी जोड निकामी करतो. टॉर्क रेंच आपण ज्या आकड्यावर लावतो, त्यातला बराच भाग घर्षण खातं; बोल्टमध्ये ओढ निर्माण करायला थोडाच उरतो. कोटिंग बदललं की घर्षण बदलतं.

एम१२, ८.८ चा बोल्ट घ्या. ताण सोसणारं क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर, प्रूफ ताण (कायमचा न लांबता सोसता येणारा) ५८० एमपीए, म्हणजे प्रूफ लोड सुमारे ४९ किलोन्यूटन. त्याच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण ३७ किलोन्यूटन ओढ हवी, आणि नट फॅक्टर (घर्षणाचा हिशोब धरणारा आकडा) ०.२० धरला, तर टॉर्क येतो ८८ न्यूटन-मीटर. आता स्टोअरने यावेळी वंगण असलेल्या कोटिंगचे बोल्ट आणले आणि फॅक्टर ०.१५ झाला. रेंच तोच, आकडा तोच, पण ओढ ४९ किलोन्यूटन. बोल्ट प्रूफ लोडवर जाऊन उभा राहिला. उलट खडबडीत, कोरडं हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला थर) असेल आणि फॅक्टर ०.२८ असेल, तर त्याच ८८ मध्ये २६ किलोन्यूटनच मिळतात आणि जोड ढिला. कोटिंगचा पुरवठादार बदलला, की टॉर्कचा तक्ता पुन्हा काढा. लोडसेल वॉशर मिळत नसेल तर बोल्टची लांबी घट्ट करण्याआधी आणि नंतर मोजा. त्यातून ओढ काढता येते.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. ३० मिलिमीटर ग्रिपचा (डोकं आणि नट यांच्यामधल्या जाडीचा) हाच एम१२ बोल्ट पूर्ण घट्ट केला तरी तो ६० ते ८० मायक्रॉनच लांबतो. पावडर कोटिंगचा थरही ६० ते ८० मायक्रॉनचा असतो! बोल्टच्या डोक्याखाली आणि प्लेटांमध्ये पावडर राहिली, दाबाने आणि उन्हाने ती २० मायक्रॉन बसली, तर ओढीचा जवळपास चौथा हिस्सा गेलाच. मग नट ढिले होतात आणि बोल्टला फटिग लागतो. बोल्ट बसणाऱ्या जागा मास्क करायला सांगा. पेंटरला कंटाळा येतो, तरी सांगा.

पायरी ६: ॲल्युमिनियम

आपल्याकडे ॲल्युमिनियम म्हटलं की लोकांना इंडाल हा जुना ॲल्युमिनियम कारखाना आठवतो, हल्ली हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमुळे मशिन केलेले पार्टही आठवतात. ॲनोडायझिंगमध्ये वरून काही चिकटत नाही, ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड होतं. हार्ड ॲनोडायझिंगचा ५० मायक्रॉनचा थर निम्मा आत जातो, निम्मा बाहेर येतो. म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन वाढ, आणि बोअरचा व्यास ५० मायक्रॉनने कमी. मशिनिंगचं माप त्या हिशोबाने ठेवा.

हे ऑक्साइड कडक, पण ताणाला अगदी हळवं. एक टक्काही ओढ सोसत नाही. म्हणून वाकवायचं ते आधी, ॲनोडायझिंग नंतर. धारदार कोपऱ्यावर थर दोन्ही दिशांनी वाढतो आणि कोपऱ्यात फट राहते, तेव्हा कोपऱ्यांना रेडियस द्या. ॲल्युमिनियम तापल्यावर ऑक्साइडच्या कितीतरी पट फुगतं, म्हणून गरम चालणाऱ्या पार्टवर केसाएवढ्या भेगा येतात. ७०७५ आणि २०२४ वर फटिगची घट ठळक असते; उलटसुलट ताणाच्या पार्टवर पातळ थर घ्या किंवा तेवढी जागा मास्क करा. एलएम२५ सारख्या सिलिकॉनवाल्या कास्टिंगवर रंग राखट आणि चट्ट्याचट्ट्यांचा येतो, तो दोष टाकीवाल्याचा नाही.

पायरी ७: हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग

साध्या स्ट्रक्चरल पोलादाला ४५० अंशांच्या जस्तात बुडवल्याने मजबुतीत फारसा फरक पडत नाही. ६ मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉन थर अपेक्षित असतो. अडचण येते ती थंडं वाकवलेल्या भागात. तिथे आधीच ताणलेलं पोलाद या उष्णतेने ठिसूळ होतं आणि पुढे धक्का बसला की कोपऱ्यातून तडकतं. वाकवताना आतला रेडियस जाडीच्या तिप्पट तरी ठेवा, भोकं पंच न करता शक्य तिथे ड्रिल करा. १२.९ चे बोल्ट या टाकीत घालू नका. ३८० अंशांना टेंपर केलेला बोल्ट ४५० अंशांत मऊही पडतो. जाड-पातळ भाग एकत्र वेल्ड केलेली फ्रेम टाकीतून वाकडी होऊन येते. आणि बंद पाइपला हवेची भोकं नसतील तर आतली ओल वाफ होऊन पाइप फुटतो. टाकीपाशी उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. यात तडजोड नाही.

पायरी ८: तपासणी अशी करा की तिला अर्थ राहील

लोक उघडा टेस्ट पीस आणि कोटिंगचा टेस्ट पीस एवढे दोनच तोडतात. फरक आला तर तो थराने आला, ॲसिडने आला की ओव्हनने, हे कळायला वाव राहत नाही. तीन गट करा: उघडा, सगळी सफाई आणि बेकिंग झालेला पण थर नसलेला, आणि पूर्ण कोटिंगचा. तिन्ही एकाच बारमधून, एकाच हीट ट्रीटमेंटमधून आणि एकाच फिनिशचे असावेत. कोटिंगचे पीस त्याच टाकीत, त्याच जिगवर (पार्ट अडकवायच्या चौकटीवर), मालाबरोबर जाऊ द्या. खास सॅंपल म्हणून वेगळे केलेले पीस नेहमीच पास होतात. फटिगसाठी पूर्ण आलेख काढायला वेळ-पैसा नसेल, तर एका ठरावीक ताणावर प्रत्येक गटाचे निदान सहा पीस फिरवा आणि आयुष्यांची तुलना करा. आकडे विखुरतात, म्हणून एका पीसवर निकाल लावू नका. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत यूटीएम (पीस ओढून तोडायचं यंत्र) असतंच. फटिगचं मशिन चालू स्थितीत आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.

हार्डनेसचा घोळ फार होतो. रॉकवेलचं १५० किलोचं टोक २५ मायक्रॉन क्रोमवर टेकवलं, तर ते थर फोडून खालचं पोलाद मोजतं. मायक्रो व्हिकर्स लागतो, आणि ठशाची खोली थराच्या दहाव्या हिश्श्यात राहायला हवी. २५ मायक्रॉनला २.५ मायक्रॉन खोली. व्हिकर्सच्या ठशाचा कर्ण खोलीच्या सातपट असतो, म्हणजे साडेसतरा मायक्रॉन. ९०० व्हिकर्सच्या थराला हे साधारण १५० ग्रॅम वजनाला येतं, तेव्हा १०० ग्रॅमवर मोजा. थर पातळ असेल तर पार्ट कापून, पॉलिश करून, कापल्या अंगावर ठसा घ्या.

कडक बोल्टच्या लॉटला हायड्रोजनची चाचणी सोपी आहे. दोन जाड प्लेटांमध्ये बोल्ट जवळजवळ यील्डपर्यंत (कायमचा लांबू लागेल तिथपर्यंत) घट्ट करून किमान ४८ तास ठेवायचे, अधूनमधून पुन्हा घट्ट करायचे. एकही तुटला तर लॉट अडवा. ही चाचणी लगेच सुरू करा, कारण दिवस गेले की हायड्रोजन हलतो आणि निकाल फसवा येतो. बोल्टसमोर कुणाला उभं करू नका. डोकं गोळीसारखं सुटतं.

पायरी ९: चलनावर काय लिहायचं

टाकीवरचा माणूस कन्नड, चलन लिहिणारा मराठी आणि ड्रॉइंग इंग्रजी असा आपल्याकडचा नेहमीचा मामला. आकडे तेवढे सगळ्यांना सारखे. म्हणून आकडेच लिहा. धातूचा ग्रेड आणि हार्डनेस. टेंपरिंग तापमान. थराची जाडी, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही. जास्तीतली मर्यादा सोडली की आटे भरून येतात. मास्क करायच्या जागा, शक्यतो पार्टवरच खडूने खूण करून. ॲसिड चालेल की ब्लास्टिंगच हवं. बेकिंग किती अंशांना, किती तास, प्लेटिंगनंतर किती वेळात. माल परत येताना बेकिंगचा कागद सोबत.

हे सगळं लिहिलं की दर वाढतो, कारण ओव्हन रात्रभर चालवायला वीज लागते. ज्याच्याकडे ओव्हनच नाही, त्याला ८.८ पर्यंतचंच काम द्या आणि १०.९ चा माल ओव्हन असलेल्याकडे पाठवा. दोन ठिकाणी काम वाटणार असाल तर प्लेटिंग एका शेडमध्ये आणि बेकिंग दुसऱ्यात, असं करू नका. टेंपो वाटेत अडकला की ते ४ तास तिथेच संपतात.